भिंतीतलं भोक कशाचं, ते आधी ओळख

तुझा प्रश्न थोडक्यात असा. जानेवारीत मामेबहिणीच्या लग्नाला ऐरोलीहून लखनौला जाते आहेस. दोन सकाळी मोकळ्या आहेत, त्यात नवाबांची दिलकुशा कोठी आणि रेसिडेन्सी, म्हणजे नवाबाच्या दरबारातल्या कंपनीच्या प्रतिनिधीचं (रेसिडेंटचं) आवार, या दोन पडक्या वास्तूंचे फोटो काढून इथल्या आपल्या प्रदर्शनात दहा-बारा चित्रांचा संच लावायचा आहे. लेन्स कोणती, उजेड कधीचा, परवानगीचं काय, हे तू विचारलंस. आणि शेवटी लिहिलंस, "काका, मला १८५७च्या वादात पडायचं नाही. फक्त वास्तूचं सौंदर्य दाखवायचं आहे."

मी या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण लेन्सचं उत्तरही त्यावरच ठरतं.

पडकी वास्तू सुंदर दिसतेच. उघड्या पडलेल्या विटा, कमानीतून दिसणारं आभाळ, भिंतीत फुटलेला पिंपळ. कॅमेरा तिकडे वळवला की चित्र बरं येतं, त्यात आपलं फारसं काही नसतं. पण बघणारा माणूस चित्रापुढे उभा राहिला की त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो, हे पडलं कसं? तू काहीच सांगितलं नाहीस तर तो स्वतः ठरवतो, तोफांनी. कोणाच्या तोफांनी, तेही तोच ठरवतो, शाळेत जे ऐकलं असेल त्यावरून. म्हणजे वादात पडायचं नाही म्हणून तू गप्प राहतेस आणि तुझं चित्र मात्र वादात एक बाजू घेऊन उभं राहतं. हे मी माझ्या अनुभवावरून सांगतो आहे.

बावीस वर्षांपूर्वी वसई किल्ल्यातल्या पडक्या चर्चवर माझं एक प्रदर्शन ठाण्यात लागलं होतं. सगळ्यात मोठ्या चित्रात एक उंच भिंत होती, तिच्यावर तिरकं ऊन, आणि भिंतीत काळीशार भोकं. खाली मी लिहिलं होतं, 'चिमाजी अप्पांच्या तोफांच्या खुणा, १७३९'. लोक त्या चित्रापुढे थांबत. एका आजींनी तर हात जोडले. दुसऱ्या दिवशी दुपारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक ओव्हरसीयर आले. त्यांनी बराच वेळ बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं, आणि मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "अहो, ही तुळयांची घरं आहेत. इथं मजला होता. एका ओळीत, सारखं अंतर सोडून गोळे कोण मारतं?"

ते शंभर टक्के बरोबर होते. भोकं चौकोनी होती, एका पातळीत होती, आणि कडा घडवलेल्या होत्या. हे सगळं माझ्याच चित्रात स्वच्छ दिसत होतं, फक्त मी ते बघितलं नव्हतं. चिठ्ठी त्याच संध्याकाळी बदलली, पण दीड दिवसात येऊन गेलेल्यांना मी काय परत बोलावणार? त्यांच्या डोक्यात ती भिंत आजही तोफांनी फुटलेली असेल. वसईत तोफांच्या खुणा नाहीत असं नाही, पण त्यातही १७३९ला मराठ्यांनी मारा केला आणि १७८०ला इंग्रजांनी. एखादा घाव खरोखर गोळ्याचा असला तरी तो कोणाच्या गोळ्याचा, हा प्रश्न उरतोच. तेव्हापासून मी कॅमेरा बाहेर काढण्याआधी भिंत वाचतो. तूही तेच कर.

भिंत वाचायची म्हणजे काय, ते सविस्तर सांगतो, कारण फोटोग्राफीच्या वर्गात हे कोणी शिकवत नाही. तुळईचं घर मी सांगितलंच. त्याहून लहान, पण तशीच ओळीत असलेली भोकं दिसली तर ती बहुधा परांचीची असतात. बांधकामाच्या वेळी गवंड्यांनी वासे रोवलेले असतात आणि नंतर ती भोकं बुजवलेली नसतात किंवा बुजवलेलं निघून गेलेलं असतं. तोफेचा गोळा विटेच्या भिंतीवर आदळला की बशीसारखा खळगा पडतो. मध्ये खोल, कडेला पसरट, आणि कडा वेड्यावाकड्या. असे घाव भिंतीच्या एकाच अंगाला, मारा ज्या दिशेने झाला तिकडे जास्त असतात. बंदुकीच्या गोळ्यांचे व्रण लहान आणि उथळ असतात, आणि ते खिडक्या-दारांच्या भोवती दाटलेले असतात, कारण नेम खिडकीतल्या माणसावर धरलेला असतो. पायथ्याशी तीन-चार फुटांपर्यंत गिलावा सुटून पांढरट पूड आलेली दिसली तर तो लोणा, म्हणजे ओल आणि क्षार. त्याचा युद्धाशी काही संबंध नाही. वर रुंद आणि खाली निमुळती होत गेलेली भेग असेल तर वर मुळी शोध. आणि हात पोचेल तेवढ्या उंचीवरच्याच विटा गेल्या असतील तर त्या माणसांनी काढून नेल्या आहेत, असं समजायला हरकत नाही.

लखनौच्या या दोन्ही वास्तू लखौरी विटांच्या आहेत. लखौरी म्हणजे पातळ, चपटी वीट, आपल्या हल्लीच्या विटेच्या निम्म्याहून कमी जाडीची. तिच्यावर चुन्याचा गिलावा असायचा आणि त्यात दगडाचा भास होईल असं नक्षीकाम. गिलावा गेला की ही वीट उघडी पडते आणि सगळी भिंत जखमी असल्यासारखी दिसते. नवख्या डोळ्याला दोन्ही वास्तूंची पडझड सारखीच वाटते. ती सारखी नाही, आणि तुझ्या संचाचा कणा मी हाच धरेन.

दिलकुशा कोठी नवाब सआदत अली खान यांच्यासाठी १८००च्या सुमारास मेजर गोर औसली या इंग्रजाने बांधली. आराखडा इंग्लंडच्या नॉर्थम्बरलंडमधल्या सीटन डेलाव्हल हॉल नावाच्या हवेलीवरून बेतलेला. शिकारीला आणि हवापालटाला नवाब इथे येत. आपल्या वाड्याला असतो तसा मधला चौक हिला नाही, अवधच्या हवेल्यांच्या मानाने ही गोष्ट वेगळीच. १८५७च्या नोव्हेंबरमध्ये इंग्रज सेनापती सर कॉलिन कॅम्पबेलच्या फौजेने वेढ्यात अडकलेल्या रेसिडेन्सीकडे जाताना कोठी घेतली. रेसिडेन्सी रिकामी केल्यावर तिथली बायकामुलं आणि आजारी माणसं आधी इकडेच आणली. जनरल हॅवलॉक २४ नोव्हेंबरला इथेच आमांशाने वारला. मार्च १८५८मध्ये कॅम्पबेल लखनौ जिंकायला परत आला तेव्हा पुन्हा त्याचा तळ इथेच पडला.

आज कोठीला छप्पर नाही, मजले नाहीत. बाहेरच्या भिंती आणि मनोरे उरलेत. बघणारा सहज म्हणेल, लढाईत उद्ध्वस्त झाली. पण १८५८मध्ये, लढाई संपल्यावर काढलेल्या छायाचित्रात हीच कोठी आजच्यापेक्षा कितीतरी शाबूत दिसते. तिच्यावर मारा झाला हे खरं. पण आज आपण जी दिलकुशा बघतो तिला या रूपात आणण्यात नंतरच्या हेळसांडीचा वाटा मोठा आहे. अगदी ही एकच गोष्ट तुझ्या प्रदर्शनातून लोकांना कळली, तरी तू काम केलंस असं मी म्हणेन.

रेसिडेन्सीची गोष्ट उलटी. १८५७मध्ये अवधच्या फौजेने तिथल्या इंग्रजांना वेढा घातला होता. तिथले घाव खरोखर त्या वेढ्याचे आहेत आणि इंग्रजांनी ते मुद्दाम राखले. अख्खं आवार स्मारक म्हणून पडक्या अवस्थेतच जपलं, आणि बुरुजावरचं युनियन जॅक १९४७पर्यंत रात्रंदिवस फडकत ठेवलं. म्हणजे एक वास्तू दुर्लक्षाने पडली आणि दुसरीचं पडकेपण शिस्तीने सांभाळलं गेलं. तुझ्या कॅमेऱ्यासमोर दोन्हीकडे सारखीच लाल वीट असेल.

रेसिडेन्सीबद्दल थोडं जास्त माहीत करून जा. लखनौच्या जुन्या लोकांच्या तोंडी तिचं नाव बेलीगारद, कर्नल बेली नावाच्या रेसिडेंटच्या काळातल्या दरवाजावरून. आणि १८५७ला तिकडे 'गदर' म्हणतात, रिक्षावाल्याशी बोललीस तर हे दोन शब्द उपयोगी पडतील. फेब्रुवारी १८५६मध्ये कंपनीने अवध खालसा केलं, नवाब वाजिद अली शाह यांना कलकत्त्याला जावं लागलं. ३० जून १८५७ला लखनौजवळच्या चिनहटला तिथला इंग्रज प्रमुख सर हेन्री लॉरेन्स याचा पराभव झाला आणि त्याच दिवशी वेढा पडला. २ जुलैला लॉरेन्सच्या खोलीत गोळा फुटला, ४ जुलैला तो गेला. ५ जुलैला बेगम हजरत महल यांचा मुलगा बिर्जीस कद्र याला शहरात गादीवर बसवण्यात आलं. एकाच आठवड्यात, फार तर काही मैलांच्या अंतरात, हे सगळं झालं. पहिली कुमक पोचायला ८७ दिवस लागले, आणि ती कुमकही आत अडकली. शेवटी सुटका झाली ती नोव्हेंबरमध्ये.

आत सुमारे ३००० माणसं होती, आणि लढणाऱ्यांमध्ये सातशेच्या वर भारतीय शिपाई होते. हा आकडा इंग्रजी शौर्यकथेत बारीक अक्षरात येतो आणि आपल्या शौर्यकथेत तर येतच नाही. पण आवारात त्यांचंही स्मारक आहे, लॉर्ड नॉर्थब्रुक व्हाइसरॉय असताना १८७५मध्ये उभारलेलं. लॉरेन्सच्या कबरीवर 'आपलं कर्तव्य करण्याचा ज्याने प्रयत्न केला तो हेन्री लॉरेन्स' अशा अर्थाची ओळ आहे, आणि तिचा फोटो बहुतेक जण काढतात. शिपायांच्या स्मारकाचाही काढ. मग रस्ता ओलांडून गोमतीच्या काठी जा. तिथे १९५७मध्ये उभारलेला शहीद स्मारकाचा स्तंभ आहे, वेढा घालणाऱ्या बाजूच्या हुतात्म्यांसाठी. या तीन स्मारकांचे तीन फोटो एकाच मापाचे, एकाच उंचीवरून, शक्यतो एकाच प्रकारच्या उजेडात घे आणि शेजारी शेजारी लाव. एकाला खालून भव्य आणि दुसऱ्याला वरून खुजं दाखवलंस की तू बाजू घेतलीस, तोंडाने काही बोलली नाहीस तरी.

आता लेन्स. तुझ्याकडे २४-७० मिलिमीटरची झूम लेन्स आहे ना, मग तीच पुरे. १६ मिलिमीटरची भाड्याने आणू नकोस. फार रुंद लेन्स जवळून लावली की भिंती आत झुकतात, मनोरे कोसळल्यासारखे वाटतात, आणि आपण 'नाट्य' म्हणून त्यावर खूश होतो. ते नाट्य लेन्सचं असतं, वास्तूचं नाही. दिलकुशाच्या समोर मोकळी बाग आहे, मागे जायला भरपूर जागा आहे. पायाने मागे जा आणि ३५ ते ५०च्या दरम्यान फोटो घे. कॅमेरा काटेकोर सरळ धर, पडद्यावरची लेव्हल चालू ठेव. मनोऱ्याचं टोक कापलं जात असेल तर कॅमेरा वर उचलू नकोस. तो उभा धर, अजून मागे जा, आणि खालचं जास्तीचं गवत नंतर काप. उभ्या रेषा उभ्या राहिल्या पाहिजेत. एकदा त्या झुकल्या की संगणकावर सरळ करता येतात, पण ताणल्यामुळे मनोऱ्याचं प्रमाण बदलतं, आणि या इमारतीची सगळी शान प्रमाणातच आहे.

अपर्चर एफ ८, आयएसओ ४००, आणि शटर सेकंदाच्या एकशे पंचविसाव्या भागाच्या खाली जाऊ द्यायचं नाही, एवढं लक्षात ठेव. कमानीच्या आतून बाहेर बघताना आतली भिंत आणि बाहेरचं आभाळ दोन्ही एका चित्रात येणार नाहीत. दोन-दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) फरकाने तीन चित्रं घे आणि घरी जोड, पण हलक्या हाताने. आतला काळोख थोडा काळोखच राहू दे. वेढ्याच्या दिवसांत रेसिडेन्सीच्या तळघरात बायकामुलं राहिली होती. ते तळघर शोरूमसारखं उजळलेलं दिसलं तर चित्र खोटं ठरेल.

तिपाई (ट्रायपॉड) नेऊ नकोस. हातात कॅमेरा धरून फोटो काढायला अशा संरक्षित ठिकाणी सहसा अडचण येत नाही, पण तिपाई लावायची तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या लखनौ मंडळाकडून आधी परवानगी घ्यावी लागते, आणि तुझ्या दोन सकाळी त्यातच जातील. ड्रोनचा विचारही नको. दिलकुशाच्या आसपास छावणीचा भाग आहे, तिकडे लष्कराच्या फाटकाकडे किंवा कुंपणाकडे कॅमेरा चुकूनही वळवायचा नाही. रेसिडेन्सीतल्या वस्तुसंग्रहालयाचा सुट्टीचा वार आधी विचारून घे. आतली, वेढ्याच्या वेळच्या आवाराची छोटी प्रतिकृती आधी बघितलीस तर बाहेर कुठे उभं राहायचं ते कळतं.

उजेडाचं म्हणशील तर जानेवारीत लखनौला सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि कित्येकदा दहापर्यंत धुक्यातून बाहेरच येत नाही. इथे ठाण्या-मुंबईत आपल्याला असं धुकं मिळत नाही, त्यामुळे तू हरखून जाशील. धुक्यात कॅमेरा फसतो आणि चित्र करडं काढतो, तेव्हा एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप वाढव. पण पहिल्या सकाळी धुकं असेल तर एकच चांगलं चित्र घे आणि थांब. धुक्यात सगळंच हळवं आणि स्वप्नाळू दिसतं. दहा चित्रं धुक्याची लावलीस तर १८५७ म्हणजे एक सुंदर दुःखी कविता होती असं वाटेल. माणसं मेली होती तिथे. धुकं विरल्यावर जे कडेचं, तिरकं ऊन येतं ते तुझं खरं ऊन. भिंतीला घासून जाणाऱ्या त्या उजेडात खळगा आणि तुळईचं घर वेगवेगळे ओळखू येतात. दुपारी समोरून पडणाऱ्या उन्हात दोन्ही सपाट होतात.

प्रत्येक वास्तूची आधी नोंद कर, मग चित्र. नोंद म्हणजे चारही बाजू समोरून, चारही कोपरे, आणि मग तपशील. तपशिलाच्या चित्रात कुठेतरी मोजपट्टी किंवा निदान एक नाणं ठेव. हे दहा-पंधरा फोटो प्रदर्शनात लागणार नाहीत, पण पन्नास वर्षांनी कोणाला तरी त्यांचाच उपयोग होईल. आपण १८५८चा फोटो बघून दिलकुशाबद्दल बोलू शकतो ते असंच. नवी डागडुजी दिसली, ताज्या चुन्याचा रंग, एकसारख्या नव्या विटा, तर तीही टिप. ती टाळून फक्त 'जुनं जुनं' वेचत बसू नकोस. विजेच्या तारा, पाट्या, कचऱ्याचे डबे नंतर पुसायचे नाहीत. पुसायचेच असतील तर फोटो काढताना दोन पावलं सरक. फोटो तपकिरी करून जुना भासवणं मला अजिबात मान्य नाही. कृष्णधवल कर हवं तर, पण ते आजचं कृष्णधवल दिसू दे.

माणसं येतील चित्रात. रेसिडेन्सीत सकाळी फिरायला येणारे असतात, माळी असतात, जोडपी असतात. माणूस असला की भिंतीची उंची कळते, म्हणून मला माणसं आवडतात. माळ्याला विचारून, त्याच्याशी दोन शब्द बोलून फोटो काढ. जोडप्यांचे काढू नकोस, लांबूनसुद्धा नाही. आणि कबरींवर पाय ठेवून, किंवा कबर पुढे धरून मागे मावळतीचं आभाळ, असल्या चित्रांच्या वाटेला जाऊ नकोस.

आता १८५८च्या लखनौच्या छायाचित्रांबद्दल, कारण तुझ्या प्रश्नाचं सगळ्यात अवघड उत्तर तिथे आहे. फेलिचे बेआटो हा छायाचित्रकार क्रिमियाच्या युद्धाची चित्रं करून १८५८च्या सुरुवातीला कलकत्त्याला उतरला आणि लखनौ पडल्यावर तिथे पोचला. काचेच्या पट्ट्या, लांब एक्स्पोजर, त्यामुळे प्रत्यक्ष लढाई टिपणं त्याला शक्यच नव्हतं. लढाई झाल्यानंतरची जागाच तो दाखवू शकत होता. त्याचं सगळ्यात प्रसिद्ध चित्र सिकंदर बागेचं. सिकंदर बाग म्हणजे वाजिद अली शाह यांची बागेतली कोठी. तिथे १६ नोव्हेंबर १८५७ला कॅम्पबेलच्या फौजेने, ९३व्या हायलँडर्स या स्कॉटिश पलटणीने आणि चौथ्या पंजाब पलटणीने, सुमारे २००० शिपाई मारले. बेआटोच्या चित्रात मोडकी इमारत आहे, पुढे काही माणसं, एक घोडा, आणि अंगणभर विखुरलेल्या हाडांचे सापळे. पण हत्याकांड नोव्हेंबरचं, चित्र कित्येक महिन्यांनंतरचं. ती हाडं चित्रासाठी उकरून काढून पसरली असावीत, असं त्या चित्राचा अभ्यास करणारे बरेच जण मानतात.

थोडा वेळ या चित्राचा विचार कर. मृत्यू खरे होते, जागा खरी होती, मारणारे कोण हेही मथळ्यात सांगितलेलं होतं. फक्त मांडणी केलेली होती. त्या काळच्या इंग्रज ग्राहकाला त्यात विजय आणि सूड दिसला. आज आपल्याला त्याच चित्रात आपले मेलेले दिसतात, ज्यांना नीट माती मिळाली नाही. चित्रात एक रेघही बदललेली नाही. म्हणून मी तुला म्हणतो, फक्त सौंदर्य दाखवते असं कोणी छायाचित्रकार म्हणू शकत नाही, निदान अशा जागी तरी नाही.

त्याच लखनौत, त्याच्या आधीची काही वर्षं, अहमद अली खान नावाचा स्थानिक छायाचित्रकार काम करत होता. त्याने काढलेली इंग्रज अधिकाऱ्यांची आणि त्यांच्या कुटुंबांची चित्रं ब्रिटिश लायब्ररीत आहेत. खुर्चीवर बसलेली, उगाच ताठ झालेली साधी माणसं. त्यांच्यातले काही जण पुढे वेढ्यात सापडले. ती चित्रं बघितल्यावर मला रेसिडेन्सीच्या भिंतीचा फोटो पूर्वीसारखा काढता आला नाही, आणि सिकंदर बागेचं चित्र बघितल्यावर लॉरेन्सच्या कबरीचाही. जाण्याआधी दोन्ही इंटरनेटवर शोधून बघ.

सिकंदर बागेचा आज दरवाजा आणि थोडा भाग उरला आहे, शेजारी वनस्पती संशोधन संस्था आहे, आणि चौकाजवळ ऊदा देवीचा पुतळा. पिंपळावरून गोळ्या झाडणारी ती स्त्री लोकपरंपरेने जिवंत ठेवली आहे. दुसऱ्या सकाळी अर्धा तास इथे दे. लग्नघरातून निघताना नाश्ता मिळाला नाही तरी चालेल, पण हा अर्धा तास काढच.

चित्राखालच्या ओळी तू तिथेच, त्याच दिवशी लिही. घरी आल्यावर मन आपोआप मोठमोठे शब्द शोधतं. 'रक्तरंजित', 'अजरामर', 'शूर', 'क्रूर' यातला एकही शब्द चिठ्ठीत नको. 'शत्रू' तर नकोच, कारण कोणाचा ते सांगावं लागतं. 'अवधची फौज' आणि 'कंपनीची फौज' हे शब्द मला बरे वाटतात. १८५७ला बंड म्हणायचं, उठाव म्हणायचं की स्वातंत्र्यसमर, हा निर्णय तुझा. मी उठाव म्हणतो. पण सगळ्या चिठ्ठ्यांत एकच शब्द वापर. दिलकुशाची चिठ्ठी मी अशी लिहीन: 'दिलकुशा कोठी, लखनौ. बांधकाम सुमारे १८००. नोव्हेंबर १८५७ आणि मार्च १८५८मध्ये कंपनीच्या फौजेचा तळ. १८५८च्या छायाचित्रात इमारत बरीच शाबूत दिसते.' शेवटचं वाक्य वाचून बघणारा पुन्हा वर चित्राकडे बघेल, आणि तेवढंच मला हवं आहे.

निघण्याआधी इथे थोडा सराव कर. उभ्या रेषांसाठी मासुंदा तलावाजवळचं सेंट जॉन बॅप्टिस्ट चर्च चांगलं. भिंती वाचायला घोडबंदरचा किल्ला. आणि चिठ्ठी लिहायचा सराव कॅमेऱ्याशिवाय, ठाणे कारागृहाच्या तटाबाहेर. तिथे सुरक्षेमुळे फोटो काढायचाच नाही, म्हणून तर ती जागा सरावाला उत्तम. तो आपल्या ठाण्याचा किल्ला. पोर्तुगीजांनी १७३०ला बांधायला घेतला आणि पुरा होण्याआधीच १७३७ला मराठ्यांनी जिंकला. १७७४च्या डिसेंबरअखेर इंग्रजांनी हल्ला करून तो घेतला आणि आतली बरीचशी शिबंदी कापून काढली. १८१६ला पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इंग्रजांच्या कैदेतून इथूनच निसटले. १९ एप्रिल १९१० रोजी नाशिकचे क्रांतिकारक कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना इथेच फाशी झाली. रोज लाखो माणसं त्याच्या आसपासून जातात.

या रविवारी सकाळी सातला तटाबाहेरच्या चहाच्या टपरीवर ये. फक्त वही आण. त्या एका भिंतीच्या चार चिठ्ठ्या लिही: १७३७ला आत असलेल्या पोर्तुगीजाच्या नजरेने, १७७४ला बाहेरून आलेल्या कंपनीच्या सैनिकाच्या, त्याच दिवशी आत असलेल्या मराठी शिपायाच्या, आणि आजच्या तुझ्या. प्रत्येक चिठ्ठी तीन ओळींची. चारही खऱ्या असल्या पाहिजेत. मग आपण दिलकुशाबद्दल बोलू.